गिनी पिगला जंताचे औषध द्यायचे का? पाळीव गिनी पिगमधले परजीवी आणि घरच्यांचे आरोग्य

"डॉक्टर, मुलीला जंत झालेत. घरात गिनी पिग आहे, त्याच्यापासूनच झाले असतील ना?" "त्यालाही आमच्याबरोबर जंताची गोळी द्यायची का?" "हातावर हा चट्टा आलाय, आता त्याला घराबाहेर काढावे लागेल का?" ज्या घरात हा छोटा प्राणी आला आहे, त्या घरातले पालक असे प्रश्न हमखास विचारतात. गिनी पिगवर उपचार करणे हे पशुवैद्यांचे काम. मात्र प्राण्याचा आजार आणि माणसाचा आजार यांची सरमिसळ झाली की दोघांनाही चुकीची औषधे मिळतात. मुलाच्या चट्ट्यावर भलतेच मलम लागते आणि गिनी पिगच्या पोटात मुलाची गोळी जाते. ती सरमिसळ दूर करण्यासाठी हा लेख.

आधी थोडक्यात उत्तर

• गिनी पिगला दर तीन किंवा सहा महिन्यांनी ठरवून जंताचे औषध देण्याची गरज सहसा नसते. तपासणीत काही सापडले तरच औषध द्यायचे असते.
• गिनी पिगला सर्वांत जास्त छळणारे परजीवी पोटात नसतात, त्वचेत आणि केसांत असतात. खरजेचे किडे आणि उवा हे त्यांतले मुख्य.
• मुलांना होणारे नेहमीचे जंत गिनी पिगपासून येत नाहीत.
• गिनी पिगपासून माणसाला होणारा सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे नायटा. तो जंत नव्हे, बुरशी आहे. योग्य उपचाराने तो पूर्ण बरा होतो.
• माणसांची, गाईगुरांची किंवा कुत्र्यांची औषधे अंदाजाने गिनी पिगला देणे जिवावर बेतू शकते.

मुलांना ठरलेल्या तारखेला गोळी, मग गिनी पिगला का नाही?

आपल्याकडे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवशी राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत किंवा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी आणि एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. प्रत्येक मुलाची शौचाची तपासणी न करता ही गोळी देण्यामागे कारण आहे. गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी हे जंत मातीतून पसरतात. उघड्यावर शौच, अनवाणी चालणे, न धुतलेली भाजी यांमुळे ते पुन्हा पुन्हा होतात आणि मुलांचे रक्त व वाढ दोन्ही खातात. त्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी गोळी देणे फायद्याचे ठरते.

कुत्र्याचेही तसेच. कुत्र्याच्या पिल्लाला गोलकृमी बहुधा आईच्या पोटातच मिळतात. कुत्रा बाहेर हुंगतो, चाटतो, काहीबाही खातो. म्हणून पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून आणि मोठ्या कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी औषध देण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. कुत्र्याच्या या जंताची अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृत, फुप्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचू शकतात. घरात कुत्रा आणि गिनी पिग दोन्ही असतील, तर जंतांच्या औषधाची तारीख कुत्र्याची पाळा.

गिनी पिगचे जगणे वेगळे आहे. तो पूर्ण शाकाहारी आहे, घरातच पिंजऱ्यात राहतो, मांस खात नाही, उकिरडा हुंगत नाही. जंतांची अंडी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे रस्तेच थोडे. शिवाय त्याचे पचन मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या सीकम नावाच्या पिशवीतल्या जिवाणूंवर चालते. विनाकारण दिलेल्या औषधाने त्याचे खाणे बिघडले, तर जंतांपेक्षा ते जास्त महागात पडते.

गिनी पिगच्या पोटात कोणते परजीवी असू शकतात?

पहिला, पॅरास्पिडोडेरा नावाचा जंत. हा गिनी पिगच्या सीकममध्ये राहतो. बारीक, पांढरट, साधारण एक ते अडीच सेंटीमीटर लांबीचा. त्याची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात, पण बाहेर पडल्या पडल्या ती संसर्ग करू शकत नाहीत. त्यांना पक्व व्हायला काही दिवस लागतात. पिंजरा नियमित साफ केला, तर अंडी पक्व होण्याआधीच केराच्या डब्यात जातात. बहुतेक प्राण्यांत हा जंत काही त्रास देत नाही. संख्या फार वाढली तर वजन घटणे, पातळ लेंड्या, मलूलपणा दिसतो. मातीवर किंवा गवतावर मोकळे सोडलेल्या आणि गर्दीत वाढवलेल्या गिनी पिगमध्ये तो जास्त आढळतो.

दुसरा, आयमेरिया हा एकपेशीय जीव. यामुळे होणाऱ्या आजाराला कॉक्सिडिओसिस म्हणतात. नुकत्याच विकत आणलेल्या लहान पिल्लांना याचा त्रास जास्त होतो. जुलाब, मागचा भाग ओला राहणे आणि वजन न वाढणे ही त्याची लक्षणे. गिनी पिगचा आयमेरिया माणसाला होत नाही.

तिसरा, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे इतर एकपेशीय जीव. तेही मुख्यतः लहान, अशक्त किंवा गर्दीत ठेवलेल्या पिल्लांना जुलाब करतात.

यांतले काहीही डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी लेंड्यांची तपासणी हवी. ताज्या लेंड्या स्वच्छ, कोरड्या डबीत गोळा करा, डबीवर तारीख लिहा आणि शक्यतो त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. अंडी रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत. त्यामुळे सलग दोन-तीन दिवसांचा नमुना मागितला तर कंटाळा करू नका.

एका गोष्टीने पालक घाबरतात. गिनी पिग मान वळवून स्वतःच्या गुदद्वारापाशी तोंड नेतो आणि काहीतरी खातो. ही त्याची नैसर्गिक सवय आहे. सीकममध्ये तयार झालेल्या मऊ लेंड्या तो लगेच खातो आणि त्यांतून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. त्याला जंत झाल्याचे हे लक्षण नाही. ती सवय मोडू नका.

खरा त्रास बहुधा त्वचेवर असतो

खरजेचा किडा: ट्रिक्सॅकॅरस नावाचा हा किडा डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या खरजेच्या किड्यासारखाच तो त्वचेत बोगदे करतो. खांदे, पाठ, मांड्या येथले केस जातात, त्वचा जाड आणि पिवळट होते, कोंडा व खपल्या दिसतात. खाज इतकी भयंकर असते की प्राणी खाजवताना कोसळतो आणि त्याला आकडी आल्यासारखे झटके येतात. घरचे त्याला फिट समजतात. हा किडा कित्येक महिने काहीही न दाखवता त्वचेत राहू शकतो आणि प्राण्यावर ताण आला की उसळतो. घर बदलले, पिल्ले झाली, दुसरा आजार झाला किंवा 'क' जीवनसत्त्व कमी पडले, अशी त्याची निमित्ते असतात. निदानासाठी पशुवैद्य त्वचेचा खरवडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरवड्यात किडा सापडला नाही तरी लक्षणांवरून उपचार सुरू केले जातात.

केसांतला किडा: कायरोडिस्कॉइड्स नावाचा हा दुसरा किडा केसांना धरून राहतो. कमी असेल तर काहीच जाणवत नाही. जास्त झाला की केसांवर बारीक काळपट-तपकिरी कण दिसतात, विशेषतः पाठीच्या मागच्या बाजूला.

उवा: गिनी पिगच्या उवा पिवळट-पांढऱ्या आणि लांबट असतात. केस फुंकरीने बाजूला केले की हलताना दिसतात, विशेषतः कानांमागे. या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. मुलीच्या डोक्यातल्या उवा शाळेतल्या दुसऱ्या डोक्यातून आल्या आहेत, पिंजऱ्यातून नाही.

माश्यांच्या अळ्या: पावसाळ्यात याकडे खास लक्ष द्या. जुलाबाने किंवा लघवीने मागचा भाग ओला राहिला, की माश्या तिथे अंडी घालतात. अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येऊ शकतात आणि त्या जिवंत त्वचा पोखरतात. सकाळी बरा दिसणारा प्राणी दुसऱ्या दिवशी मरणाच्या दारात असू शकतो. म्हाताऱ्या, लठ्ठ आणि लांब केसांच्या गिनी पिगचा मागचा भाग पावसाळ्यात रोज पाहावा.

केस गळण्याचे प्रत्येक कारण परजीवी नसते. नायट्याची बुरशी, मादीच्या बीजांडकोशातल्या गाठी आणि 'क' जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही केस जातात. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनी पिगमध्ये स्कर्व्ही निर्माण करून दाखवली आणि हा आजार आहाराशी जोडलेला आहे हे समजायला मोठी मदत झाली. या प्राण्याला रोज किलोमागे किमान १० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते, गाभण मादीला ३० मिलिग्रॅमपर्यंत. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर हे त्याचे सोपे स्रोत. पिण्याच्या पाण्यात टाकलेले जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, त्यावर विसंबू नका.

गिनी पिगपासून माणसाला काय होते?

नायटा (गजकर्ण): तपासणीच्या खोलीत हाच सर्वांत जास्त दिसतो. गिनी पिगच्या नाकाभोवती, डोळ्यांभोवती किंवा कानांवर केस गेलेले, कोंडा असलेले चट्टे असतात. कधी प्राणी वरून अगदी निरोगी दिसतो आणि तरीही त्याच्या केसांत बुरशी असते. मुलाच्या हातावर, मानेवर किंवा गालावर, म्हणजे जिथे तो प्राणी धरला जातो तिथे, लाल गोल चट्टा उठतो. कडा उंच आणि खवलेदार असते, मध्यभाग मोकळा होत जातो. प्राण्यापासून आलेला नायटा बऱ्याचदा नेहमीच्या नायट्यापेक्षा जास्त लाल आणि सुजलेला असतो.

इथे एक घातक सवय आड येते. औषधाच्या दुकानातून 'खाज-नायट्याचे मलम' आणले जाते. त्यांपैकी अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, घरचे खूश होतात, पण बुरशी आत पसरत राहते. मलम थांबवले की चट्टा दुप्पट होऊन परत येतो आणि पुढे त्याचे निदानही अवघड होते. मुलाला चट्टा दिसला तर कोणतेही मिश्र मलम न लावता डॉक्टरांना दाखवा. घरात गिनी पिग आहे हे न विचारताही सांगा. त्या एका वाक्याने निदान सोपे होते.

चट्टा डोक्यात असेल, केस तुटत असतील किंवा पू असलेली मऊ सूज आली असेल, तर नुसते मलम पुरत नाही. पोटातून बुरशीनाशक औषध घ्यावे लागते आणि ते काही आठवडे चालते. सूज चिरण्याची घाई करू नये.

प्राण्याच्या खरजेची तात्पुरती पुरळ: खरूज झालेला गिनी पिग मांडीवर घेतला तर हात, पोट, छाती येथे खाजणारे बारीक पुटकुळे येऊ शकतात. हा किडा माणसाच्या त्वचेत वंश वाढवू शकत नाही. प्राण्याचा उपचार झाला की ही पुरळ आपोआप ओसरते. माणसाची खरूज वेगळी असते. ती बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत होते, रात्री खाज वाढते आणि घरातल्या एकापाठोपाठ एकाला होते. तिचा उपचार सगळ्या घराने एकाच वेळी घ्यायचा असतो. दोन्हींत घोळ झाला तर घरची खरूज महिनोन्‌महिने जात नाही आणि दोष मुक्या प्राण्यावर जातो.

जुलाब: गिनी पिगच्या लेंड्यांतून साल्मोनेला जिवाणू माणसाला होऊ शकतो. पाच वर्षांखालची मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया, केमोथेरपी चालू असलेले किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांनी पिंजरा साफ करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

दमा व ॲलर्जी: प्राण्याची लाळ, लघवी, कोंडा आणि गवताची धूळ यांमुळे शिंका, डोळे चुरचुरणे, दम लागणे असे त्रास होऊ शकतात. हा संसर्ग नाही, पण पिंजरा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये याचे हे एक चांगले कारण आहे.

आणि काय होत नाही?

रात्री गुदद्वाराला खाज आणि शौचात दोऱ्यासारखे बारीक, हलणारे पांढरे जंत ही सुतकृमीची लक्षणे. हा जंत माणसांतच राहतो आणि माणसाकडूनच माणसाला होतो. नखांखाली अडकलेली अंडी, अंथरूण, टॉवेल, शाळेतला बाक हे त्याचे रस्ते. खात्री करायची असेल तर सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वारापाशी दाबून ती तपासायला देता येते. उपचार घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी घ्यायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचा असतो. गर्भवती स्त्रीने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये. नखे कापणे, रोज सकाळी आंघोळ आणि चादरी गरम पाण्यात धुणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. गिनी पिगला घराबाहेर काढल्याने सुतकृमी जाणार नाहीत.

गर्भवती स्त्रियांना टॉक्सोप्लाझ्माची भीती वाटते. या परजीवीची अंडी विष्ठेतून टाकणारे प्राणी म्हणजे मांजर आणि तिच्या कुळातले प्राणी. गिनी पिगच्या लेंड्यांतून तो पसरत नाही.

ही औषधे घरच्या घरी देऊ नका

मुलांची जंताची गोळी: २० किलोच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम. "पाव तुकडा देऊ" म्हणून ८०० ग्रॅमच्या गिनी पिगला १०० मिलिग्रॅम दिले, तर ते किलोमागे १२५ मिलिग्रॅम झाले. मुलाच्या सहा पटींहून जास्त.

गाईगुरांचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन: खरजेवर पशुवैद्य हेच औषध वापरतात, त्यामुळे "तेच तर आहे" असे वाटते. पण गुरांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. गिनी पिगला एका वेळी किलोमागे साधारण अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच औषध लागते. म्हणजे ८०० ग्रॅमच्या प्राण्याला ०.०४ मिलिलिटरहून कमी, एका थेंबापेक्षाही थोडे. डोळ्यांच्या अंदाजाने अर्धा मिलिलिटर दिले, तर बारा पटींहून जास्त औषध गेले. अशा प्रमाणात मेंदूवर परिणाम होऊन प्राणी थरथरतो, बेशुद्ध पडतो आणि मरू शकतो.

कुत्र्यामांजरांची गोचीड-पिसवांची औषधे: मानेवर टाकायच्या काही थेंबांत फिप्रोनिल असते. सशांसाठी ते घातक ठरले आहे आणि गिनी पिगसाठीही टाळले जाते. अमित्राझचे पाणी, पिसवांची पावडर आणि औषधी पट्टेही स्वतःच्या मनाने वापरू नका. प्राणी अंग चाटतो, त्यामुळे अंगावर टाकलेले सगळे पोटात जाते.

उरलेले अँटिबायोटिक सिरप: जुलाब दिसले की फ्रिजमधले मुलाचे अमॉक्सिसिलिन देण्याचा मोह होतो. पोटातून दिलेली अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. माणसाच्या बाळाला चालणारे औषध त्याच्यासाठी विष ठरते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

घरगुती उपाय: मुलांना वावडिंग किंवा एरंडेल देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. गिनी पिगला एरंडेल पाजू नका आणि 'जंत पडावेत' म्हणून उपाशी ठेवू नका. त्याचे आतडे सतत गवत चघळण्यावर चालते. बारा तास काही खाल्ले नाही, तर ती त्याच्यासाठी तातडीची अवस्था आहे. अंगावर रॉकेल, कापूर, फिनेल किंवा तंबाखूचे पाणी लावणे तर सरळ विषबाधा.

पशुवैद्यांनी औषध दिले तर काय पाळावे?

१. वजन त्याच दिवशी ग्रॅममध्ये करून घ्या. मात्रा त्यावरच ठरते.
२. एका पिंजऱ्यात राहणाऱ्या सगळ्या गिनी पिगना एकाच वेळी उपचार हवा. खाज नसलेला जोडीदारही किडे बाळगून असतो.
३. खरजेचे औषध एकदा देऊन भागत नाही. ते किड्यांना मारते, अंड्यांना नाही. म्हणून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मात्रा द्यावी लागते. खाज थांबली म्हणून पुढची तारीख चुकवली, तर सगळे पहिल्यापासून.
४. मादी गाभण असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. नर-मादी एकत्र असतील तर ती शक्यता असतेच.
५. उपचाराच्या दिवशीच पिंजरा रिकामा करून धुवा. भुसा टाकून द्या. लाकडी घर, पुठ्ठा अशा गोष्टीही नायटा असेल तर फेकाव्यात, कारण बुरशीचे बीज त्यांत महिनोन्‌महिने टिकते.

आपल्या भागातले सगळे पशुवैद्य एवढे छोटे प्राणी पाहतातच असे नाही. आधी फोन करून विचारा. मुंबईत परळला, नागपुरात आणि साताऱ्याजवळ शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तिथल्या दवाखान्यातही चौकशी करता येते.

परजीवी दूर ठेवणारी रोजची आणि आठवड्याची कामे

• ओली जागा आणि लेंड्या रोज काढा. पूर्ण पिंजरा आठवड्यातून किमान एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ब्लीच वापरायचे तर पातळ करून, प्राणी दुसरीकडे ठेवून, नंतर भरपूर पाण्याने धुऊन. ब्लीचमध्ये फिनेल, ॲसिड किंवा दुसरे काही मिसळू नका.
• पिंजरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा भांड्यांच्या सिंकमध्ये धुऊ नका.
• आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, स्वतंत्र वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहा. प्रौढ गिनी पिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतो. ९०० ग्रॅमच्या प्राण्याचे वजन ९० ग्रॅमने घटले, म्हणजे दहावा भाग गेला. तेव्हा थांबू नका. या प्राण्याचा आजार डोळ्यांना दिसण्याआधी वजनात दिसतो.
• त्याच वेळी केस उलटे फिरवून त्वचा, कानांमागची जागा आणि मागचा भाग पाहा.
• नवा गिनी पिग आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. आधी जुन्याचे काम करा, मग नव्याचे.
• भाजी वाहत्या पाण्यात धुऊन, निथळून द्या. सोसायटीच्या हिरवळीवरचे किंवा रस्त्याकडेचे गवत कापून आणू नका. तिथे कुत्र्यामांजरांची विष्ठा असते आणि फवारणीही.
• हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा मुलांसाठी न मोडणारा नियम करा. प्राण्याचे तोंडाने पापे घेणे आणि त्याला जेवणाच्या टेबलावर किंवा झोपण्याच्या पलंगावर घेणे टाळा.

केव्हा थांबायचे नाही?

गिनी पिगला त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, जर:
• बारा तासांत काही खाल्ले नसेल किंवा लेंड्या पडल्या नसतील,
• पातळ जुलाब होत असतील,
• मागच्या भागात किंवा जखमेत अळ्या दिसल्या,
• खाजवताना झटके येत असतील,
• चुकून दुसऱ्याचे औषध पोटात गेले असेल. अशा वेळी औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्या.

माणसांसाठी डॉक्टरांकडे या, जर:
• चट्टा वाढत असेल, चेहऱ्यावर किंवा डोक्यात असेल,
• मलम लावूनही परत परत येत असेल,
• जुलाबांबरोबर ताप किंवा रक्त असेल,
• घरात एकापेक्षा जास्त जणांना रात्री खाज सुटत असेल,
• प्राणी हाताळल्यावर दम लागत असेल.

गिनी पिग पाच ते आठ वर्षे जगतो. मुलाच्या शाळेची जवळजवळ सगळी प्राथमिक वर्षे तो घरात असतो. एवढ्या काळात एखादा नायटा किंवा खरूज होणे हे घराबाहेर काढण्याचे कारण नाही. प्राण्याचा उपचार पशुवैद्यांकडे आणि मुलाचा उपचार आपल्या डॉक्टरांकडे एकाच आठवड्यात सुरू करा. एकाचा झाला आणि दुसऱ्याचा राहिला, तर आजार पिंजरा आणि पलंग यांच्यात फेऱ्या मारत राहतो.